दार बसवणे हा स्वतंत्र हुन्नर आहे

मराठवाड्यातील घरबांधणीत सुतारकाम करणाऱ्याचा वाटा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फार कमी झाला. माळवदाच्या जुन्या घरात खांब, तुळया, दारे, खिडक्या, फडताळे, सगळे लाकडी असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड छते कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला आणि सिमेंट-लोखंडाचे घर ही सर्वसाधारण गोष्ट झाली. छताचे काम गेले. पुढे सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, खिडकीचे कामही गेले. आता नांदेड किंवा लातूरच्या नव्या घरात सुताराच्या हाती प्रामुख्याने उरली आहेत ती आतली दारे : झोपण्याच्या खोल्यांची, स्वयंपाकघराची, मोरी-संडासाची.

तीही बहुतेक ठिकाणी कारखान्यातून तयार येतात. ग्राहक दुकानातून फ्लश दार उचलतो आणि मिस्त्रीला म्हणतो, "फक्त बसवून द्या." या "फक्त" शब्दामुळे आपल्या कारागीर बांधवांचे मोठे नुकसान होत आहे असे आम्हाला वाटते. दार बनवणे हे हुन्नराचे काम आणि दार बसवणे हे हमालीचे काम, असा समज ग्राहकाचा तर आहेच, पण काही कारागिरांचाही आहे. वस्तुस्थिती उलट आहे. कारखान्याचे उत्तम दार वाईट बसवले तर पहिल्याच पावसाळ्यात अडते, आणि साधे दार नीट बसवले तर वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. दार अडले की ग्राहक कारखान्याला फोन करीत नाही, मिस्त्रीला करतो. म्हणून या कामाची नीट माहिती करून घेणे हे आपल्या रोजीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आपली हवा आणि लाकूड

नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये हीच हवा दमट होते. लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते. ओल वाढली की ते रुंदीत फुगते, कमी झाली की आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. ही गोष्ट पॉलिश केल्याने थांबत नाही, फक्त मंदावते.

फरक किती पडतो हे हिशेबाने पाहू. सागवान हे कमी हलणारे लाकूड. तरीही त्यातील ओलीचे प्रमाण ४ टक्क्यांनी वाढले तर उभ्या चिरलेल्या फळीची रुंदी शेकडा पाऊण ते एकच्या दरम्यान वाढते. अखंड फळ्या जोडून केलेले ३० इंची दार असेल तर ही वाढ सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे दोन सूत होते. चार इंची उभ्या पट्ट्यांच्या चौकटीत पॅनेल सैल बसवलेले दार असेल तर वाढ फक्त दोन पट्ट्यांची, म्हणजे साधारण अर्धे सूत. पॅनेल आपल्या खाचेत मोकळे असल्यामुळे ते आतल्या आत फुगते. म्हणूनच जुने जाणते कारागीर पॅनेल कधीही गोंदाने चिकटवीत नसत. फ्लश दारात पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते रुंदीत फारच कमी हलते. मात्र त्याच्या कडेतून पाणी शिरले तर ते फुगते आणि पुन्हा सरळ होत नाही.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. मे महिन्यात बसवलेल्या दाराला फट थोडी जास्त ठेवावी, कारण पुढे ते फुगणार आहे. ऑगस्टमध्ये बसवलेल्या दाराला फट बेताची ठेवावी, कारण ते आकसणार आहे. ऋतू न पाहता एकाच मापाने रंधा मारणारा वर्षातून एकदा तरी चुकतोच.

दुसरा नियम असा की, ओला गिलावा व ओली फरशी असलेल्या घरात दारे नेऊन ठेवू नयेत. सिमेंटचे पाणी महिनाभर हवेत मिसळत असते. गिलावा वाळल्यावर, खिडक्या लागल्यावर, दारे त्या घरात काही दिवस आडवी ठेवावीत आणि मगच बसवावीत. दार भिंतीला तिरके टेकवून ठेवल्यास त्याला बाक येतो. तीन सारख्या पट्ट्यांवर आडवे ठेवलेले दार सरळ राहते.

काळी माती विसरू नये

आपल्याकडे दार अडण्याचे कारण नेहमीच लाकडात नसते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल, खाली मुरुमाची भर नीट नसेल, तर भिंत वर्षातून दोनदा हलते. भिंतीबरोबर चौकट तिरकी होते. दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग ही त्याची खूण होय.

अशा ठिकाणी दाराला रंधा मारून काम भागवणे चुकीचे आहे. आज मारलेला रंधा सहा महिन्यांनी फट म्हणून दिसतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो. ग्राहकाला भेग दाखवावी, दोष पायात असल्याचे स्पष्ट सांगावे व इंजिनिअरला दाखवण्याचा सल्ला द्यावा. तेवढ्यावर तो दार करूनच मागत असेल तर फट वाढवून द्यावी. पण हे बोलणे बिलावर लिहून ठेवावे.

चौकट : अर्धे काम इथेच होते

चौकट वाकडी असेल तर त्यात सरळ दार बसत नाही. चौकटीसाठी आपल्या बाजारात सागवान, बाहेरून आलेले साल व इतर जातींचे लाकूड, आणि खेड्यापाड्यांत बाभूळ व कडुनिंब वापरतात. किनवट-माहूरचा पट्टा सागवानाच्या जंगलासाठी पूर्वीपासून ओळखला जातो. आज बाजारातील सागवान मात्र अनेक ठिकाणांहून येते. जात कोणतीही असो, लाकूड वाळलेले हवे. घरातील लाकडात ओल साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावी. ओल मोजण्याचे लहान यंत्र आता सहज मिळते. ते खिशात असलेला कारागीर लाकडाच्या दुकानात फसत नाही.

चौकट बसवताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. भिंतीला लागणाऱ्या बाजूला आधीच प्रायमर किंवा डांबर लावावे. ओल आणि वाळवी तिथूनच शिरते.

२. खालच्या टोकांना जोडणारी तात्पुरती पट्टी व कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या ठोकाव्यात. गवंडी विटा लावीत असताना चौकट आत दबते. मधली रुंदी वर, मध्ये व खाली, तिन्ही ठिकाणी सारखी आहे की नाही हे मोजावे.

३. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तरच कोपरे काटकोनात आहेत. एकाच कोपऱ्याची परीक्षा करायची तर आडवे १८ इंच व उभे २४ इंच खूण करावी. तिरके अंतर बरोबर ३० इंच भरले पाहिजे.

४. ओळंबा दोन बाजूंनी धरावा : समोरून आणि बाजूने. बहुतेक जण समोरून पाहतात व बाजूने विसरतात. चौकट पुढेमागे कललेली असली की दार आपोआप उघडते किंवा आपोआप बंद होते.

५. प्रत्येक बाजूला तीन लोखंडी होल्डफास्ट असावेत व ते काँक्रीटमध्ये पक्के बसावेत. नुसत्या मसाल्यात अडकवलेली चौकट दार आपटून आपटून सुटते.

६. पक्क्या फरशीची उंची आधी ठरवून भिंतीवर रेघ मारावी. फरशी नंतर वर आली म्हणून दारे खालून कापण्याचा प्रसंग आपल्याकडे नेहमीच येतो. गवंडी, फरशीवाला व सुतार यांनी एकाच रेघेवरून काम केले तर तो टळतो.

दार घालताना

दार घालण्यापूर्वी ते कोणत्या बाजूला उघडणार हे घरमालकाबरोबर उभे राहून ठरवावे. आतले दार सामान्यतः खोलीत उघडते. ते अर्धे उघडले तरी बाहेरच्याची नजर सरळ पलंगावर पडू नये अशा बाजूला बिजागरी असावी. दिव्याचे बटण कुलपाच्या बाजूला यावे, दाराच्या मागे जाऊ नये. मोरीचे दार लावताना आत पडलेल्या माणसाला बाहेर काढता येईल असा विचार करावा. घरात वृद्ध असतील तर हे मुद्दाम सांगावे आणि बाहेरून उघडता येणारी कडी सुचवावी.

फटींचे माप साधारण असे ठेवावे : वर व दोन्ही बाजूंना दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे सुतापेक्षा थोडे कमी, खाली फरशीपासून दीड ते दोन सूत. कुलपाच्या बाजूची कड आतल्या अंगाला किंचित उतरती रंधावी, म्हणजे दार मिटताना चौकटीला घासत नाही.

फ्लश दार कापताना सावधगिरी हवी. त्याच्या कडेला लाकडी पट्टी असते. त्या पट्टीपुरतेच रंधावे. पट्टी संपून आतील भराव उघडा पडला तर दाराचे आयुष्य संपले. मोठा फरक असेल तर दुकानातून योग्य मापाचे दार बदलून आणणे स्वस्त पडते.

आणखी दोन चुका सर्रास होतात. पहिली : दाराच्या फक्त एका बाजूला सनमायका लावणे. दोन्ही बाजू सारख्या झाकल्या नाहीत तर एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही आणि दार धनुष्यासारखे वाकते. दुसरी : वरची व खालची कड कोरी सोडणे. ती दिसत नाही म्हणून रंगारी तिला हात लावीत नाही, आणि फरशी पुसण्याचे पाणी नेमके तिथूनच चढते. दार टांगण्यापूर्वी सहाही बाजूंना रंग किंवा सीलर लागला पाहिजे. ही जबाबदारी रंगाऱ्यावर न सोडता सुतारानेच घ्यावी.

बिजागरी आणि कुलूप

सात फुटी दाराला तीन बिजागऱ्या हव्यातच. जड सागवानी दाराला चार द्याव्यात. वरची बिजागरी वरून सात-आठ इंचांवर, खालची खालून दहा-अकरा इंचांवर ठेवावी. दाराचे वजन वरच्या बिजागरीला ओढते, म्हणून तिसरी मधोमध न देता थोडी वर दिली तर अधिक चांगले. बिजागरीची खाच तिच्या जाडीइतकीच असावी. खोल गेली तर दार मिटताना उसळते, उथळ राहिली तर फट दिसते.

स्क्रू हातोडीने ठोकू नये. हा दोष आपल्याकडे इतका पसरला आहे की काही ठिकाणी तीच पद्धत समजली जाते. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडतो. वर्षभरात तो हाताने निघतो. आधी बारीक भोक पाडावे, मग स्क्रू पिळावा. प्रत्येक स्क्रूला काही सेकंद जास्त लागतात, पण पुन्हा येण्याची खेप वाचते.

मॉर्टाइज कुलपाचे भोक पॅनेलच्या दारात आडव्या पट्टीच्या सांध्यावर घेऊ नये, सांधा कमजोर होतो. फ्लश दारात कुलपासाठी भरीव ठोकळा कोणत्या बाजूला ठेवला आहे हे दारावरील खुणेवरून पाहावे. दार उलटे टांगले तर कुलूप पोकळीत किंवा कच्च्या भरावात जाते.

मोरी-संडासाचे दार

सर्वात लवकर खराब होणारे दार हेच. आपल्याकडे आता मोरीला ग्रॅनाइटची चौकट लावण्याची पद्धत रुळली आहे आणि ती चांगली आहे, कारण दगडाला वाळवी लागत नाही व तो कुजत नाही. मात्र दगडात लाकडी खुंट्या ठोकून बिजागरी लावली तर खुंट्या पाणी पिऊन सैल होतात. भोक पाडून योग्य मापाचा फास्टनर वापरावा आणि बिजागरी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. दार लाकडी असेल तर ते उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या गोंदाचे असावे, आणि खालची कड दोनदा सील करावी. ग्राहक प्लॅस्टिक मिश्रित दार मागत असेल तर त्याला नाउमेद करू नये. मोरीसाठी ते योग्यच आहे, आणि त्याचेही बसवणे आपल्यालाच करायचे आहे.

अडलेले दार : आधी निदान, मग रंधा

अडलेले दार पाहायला गेल्यावर हातात रंधा घेऊनच जाऊ नये. फटींकडे पाहावे.

दार वरच्या कुलपाकडील कोपऱ्यात घासते, खालचा कोपरा फरशीला लागतो आणि वरच्या बिजागरीजवळ फट वाढली आहे, तर दोष बिजागरीत आहे. जुने भोक गोंद लावलेल्या लाकडी काडीने भरून लांब स्क्रू द्यावा. रंधा मारण्याची गरजच नाही.

दार पूर्ण कडेने सारखे घासते आणि पावसाळ्यातच घासते, तर लाकूड फुगले आहे. शक्य असेल तर दिवाळीपर्यंत थांबावे. रंधावेच लागले तर थोडेच रंधावे व कड लगेच सील करावी.

फट एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला बंद आहे आणि भिंतीला तिरपी भेग आहे, तर चौकट हलली आहे. वर सांगितल्याप्रमाणे तो पायाचा दोष.

दार मिटताना उसळते, तर बिजागरीची खाच खोल आहे. खाली पुठ्ठ्याचा किंवा पातळ लाकडाचा तुकडा घातला की काम होते.

दहा मिनिटांचे हे निदान ग्राहकासमोर बोलून करावे. त्याला कळते की समोरचा माणूस जाणकार आहे, आणि जाणकाराची मजुरी देताना तो घासाघीस कमी करतो.

हिशेब

दारामागे मजुरी ठरवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती वाईट नाही, पण तिच्यात परत येण्याच्या खेपा धरलेल्या नसतात. समजा, पाच दारांची मजुरी ५,००० रुपये ठरली आणि चार दिवसांत काम झाले. दिवसाला १,२५० रुपये पडले. पुढे दोन तक्रारींसाठी दोनदा अर्धा-अर्धा दिवस गेला, तर तीच रक्कम पाच दिवसांची झाली आणि रोज १,००० वर आला. पेट्रोल वेगळेच. म्हणजे घाईने वाचवलेला अर्धा दिवस शेवटी दुप्पट होऊन जातो.

यासाठी आम्ही तीन गोष्टी सुचवतो. एक, काम सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहावे : दारे किती, माप काय, बिजागरी-कुलूप कोणी आणायचे, सहाही बाजू सील करण्याचे पैसे धरले आहेत की नाहीत, जुनी दारे कोणी काढायची, पैसे कोणत्या टप्प्यांत. दोन, पहिल्या पावसाळ्यानंतरची एक खेप मजुरीतच धरून दर सांगावा आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे. "पावसाळा झाल्यावर एकदा येऊन पाहून जाईन" हे वाक्य दर कमी करण्यापेक्षा अधिक ग्राहक आणते. तीन, दोष आपला नसेल तिथे तो आपल्या अंगावर घेऊ नये, आणि आपला असेल तिथे टाळाटाळ करू नये.

लातूरमध्ये बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे व भाड्याच्या खोल्या मोठ्या संख्येने आहेत. तिथली दारे दिवसभर आपटली जातात. अशा मालकांशी वर्षाचा करार करून, सुट्टीत सर्व दारांची तपासणी करण्याचे काम घेता येईल. मंदीच्या महिन्यांत हाताला काम मिळते.

दुकानदारांसाठी

लाकूड व हार्डवेअरच्या धंद्यातील बांधवांनीही इकडे लक्ष द्यावे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्लायवूड व लाकडी फ्लश दारांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याचा रोख असा की हा माल भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाचा असावा. फ्लश दारासाठी मानक क्रमांक २२०२ आहे. खरेदी करताना चिन्ह व त्याखालील परवाना क्रमांक पाहावा आणि बिलावर मालाचा प्रकार स्पष्ट लिहावा. दुकानात दोन-तीन चांगल्या बसवणाऱ्यांची नावे ठेवून दार आणि बसवणे असे एकत्र काम घेतले तर तक्रार घेऊन परत येणारा ग्राहक कमी होतो.

शिक्षण आणि अवजारे

उस्तादाच्या हाताखाली शिकण्याची आपली रीत उत्तम आहे, पण त्याला कागदाची जोड हवी. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत व त्यांत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. योजनेत ५ टक्के व्याजाचे कर्जही आहे. ते घ्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रशिक्षण आणि अवजारांची मदत कर्जावर अवलंबून नाही. नोंदणीसाठी जवळच्या नागरी सुविधा केंद्रात चौकशी करावी.

कारखान्याने दार बनवण्याचे काम घेतले, ते परत येईल असे वाटत नाही. पण कारखाना काळ्या मातीवरची भिंत पाहायला येत नाही, फरशीची रेघ मारीत नाही आणि ऑगस्ट महिन्यात दार उघडून पाहत नाही. ते काम घरात येऊन, हाताने आणि नजरेनेच करावे लागते. आपल्या बांधवांनी त्याला "फक्त बसवणे" म्हणू नये आणि ग्राहकालाही म्हणू देऊ नये.